'घरटेवाला' हंट: विल्यम हेन्री हंटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जलरंगातल्या स्थिरचित्रांवर लिहायला लागल्यापासून विल्यम हेन्री हंट या इंग्रज चित्रकाराबद्दल पत्रं येतच असतात. बरीचशी इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या कलाशिक्षकांची, थोडी जुनी चित्रं जमवणाऱ्यांची, बाकीची मोबाइलवर एखादं घरट्याचं चित्र पाहून 'हा फोटो आहे का?' विचारणाऱ्यांची. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एका ठिकाणी केली आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विल्यम हेन्री हंट कोण? दोन ओळींत सांगाल का?

लंडनचा जलरंग चित्रकार. जन्म २८ मार्च १७९०, मृत्यू १० फेब्रुवारी १८६४. फळं, फुलं आणि शेवाळावर ठेवलेली पक्ष्यांची घरटी त्याने इतक्या जवळून आणि इतक्या चिकाटीने रंगवली की लोक त्याला 'बर्ड्स नेस्ट हंट' म्हणायला लागले.

तिसरी ओळ कुणी मागितलेली नाही, तरी देतो. घरटी गोजिरवाणी दिसतात म्हणून त्याचं नाव टिकलं, पण चित्रकाराने त्याच्याकडे जावं ते रंगांच्या खाली लपलेल्या पांढऱ्या थरासाठी. ते प्रश्न ९ आणि १० मध्ये येईल.

२. 'द लाइट ऑफ द वर्ल्ड' काढणारा हंट तो हाच ना?

नाही. तो विल्यम होल्मन हंट (१८२७–१९१०), 'प्री-राफेलाइट' नावाच्या इंग्रज चित्रकारांच्या गटापैकी एक, मुख्यतः तैलरंगात काम करणारा. आपल्या हंटपेक्षा ३७ वर्षांनी लहान. दोघांचं नातंगोतं काही नाही.

गोंधळ इथेच संपत नाही. विल्यम मॉरिस हंट (१८२४–१८७९) नावाचा अमेरिकन चित्रकार आहे. आणि खरा घोटाळा होतो तो आल्फ्रेड विल्यम हंटमुळे (१८३०–१८९६). तोही जलरंगातला, तोही ओल्ड वॉटरकलर सोसायटी या जलरंगवाल्यांच्या संस्थेचा, जिचा आपला हंटही सदस्य (प्रश्न १५). १८६० च्या आसपासच्या जुन्या याद्यांमध्ये नुसतं 'हंट' दिसलं तर विषय बघा: डोंगर, नदी, धुकं असेल तर बहुधा आल्फ्रेड, आलुबुखार आणि द्राक्षं असतील तर आपला. समीक्षक जॉन रस्किन जेव्हा नुसतं 'विल्यम हंट' लिहितो तेव्हा त्याला हा घरटेवालाच अभिप्रेत असतो. दुसऱ्याला तो 'होल्मन हंट' म्हणतो.

३. जन्म १७९० चा, मग त्याला व्हिक्टोरियन का म्हणायचं?

व्हिक्टोरिया राणी १८३७ मध्ये गादीवर आली तेव्हा हंट ४७ वर्षांचा होता. म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य त्याआधीचं. पण ज्या चित्रांमुळे त्याचं नाव झालं ती बहुतेक त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांतली. त्याआधीचा हंट वेगळाच: नदीकाठ, जुनी घरं, हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावरच्या होड्या, मोठ्या वाड्यांचे दिवाणखाने. बोरूची तुटक, थोडी थरथरती रेघ आणि तिच्यावर पातळ रंगाचा हात. ती चित्रं पाहिली तर हाच माणूस पुढे शेवाळाचा एकेक तंतू रंगवेल असं वाटत नाही.

४. त्याच्या पायांना काय झालं होतं? चालता येत नव्हतं म्हणून तो स्थिरचित्रांकडे वळला, हे खरं का?

लहानपणापासून त्याचे पाय अधू होते, उंची कमी होती आणि प्रकृतीही नाजूक. वडील जॉन हंट लंडनच्या लाँग एकर भागात पत्र्याचं काम करणारे कारागीर. पोरगा दुसऱ्या कशाच्या कामाचा नाही म्हणून घरच्यांनी त्याला चित्रकार केला, अशा अर्थाचं त्याच्या एका काकाचं बोलणं चरित्रकारांनी नोंदवून ठेवलं आहे. काकांचं म्हणणं सांगण्यापुरतं ठीक, पण त्यावर सगळी गोष्ट उभी करू नये.

कारण तारखा जुळत नाहीत. पाय अधू असतानाच त्याने वीसेक वर्षं उघड्यावर निसर्गचित्रं केली. बुशी गावात त्याचे आश्रयदाते डॉ. मन्रो त्याला छत घातलेल्या एका हातगाडीसारख्या गाडीत बसवून रानात फिरवत. ती कधी माणूस ओढी, कधी गाढव. गाडी थांबवायची, चित्र करायचं, पुढे जायचं. पुढे वय वाढलं, हिवाळे सोसेनासे झाले, तेव्हा टेबलावरचा विषय सोयीचा झाला हे नक्की. पण तोवर फळांच्या चित्रांना गिऱ्हाईकही मिळत होतं आणि त्याची स्वतःची नजरही जवळच्या वस्तूंवर ठरली होती. या दोन गोष्टी वगळून नुसत्या पायांवर बोट ठेवणं म्हणजे त्याच्या निवडीचं श्रेय त्याच्या दुखण्याला देणं. मला ते पटत नाही.

५. तो शिकला कुणाकडे?

साधारण १८०५ च्या सुमारास जॉन व्हार्ली या जलरंग चित्रकाराकडे तो उमेदवारीला राहिला. व्हार्लीचा शिकवण्याचा एकच हेका: जे काढायचं ते समोर बसून काढा. तिथेच जॉन लिनेल आणि विल्यम मलरेडी यांच्याशी दोस्ती झाली. लिनेल आणि हंट टेम्स नदीच्या काठी शेजारी शेजारी बसून अभ्यास करत. १८०७ मध्ये रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली, तीही तैलरंगातली. १८०८ मध्ये तो अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला.

डॉ. टॉमस मन्रो यांचं नाव वर आलंच आहे. पेशाने वेड्यांचे डॉक्टर, बेथलेम इस्पितळाचे. छंद तरुण चित्रकारांना घरी बोलावून काम द्यायचा. एका पिढीआधी टर्नर आणि गर्टिन हे पुढे नावाजलेले जलरंग चित्रकार याच डॉक्टरांच्या घरी मेणबत्तीच्या उजेडात चित्रांच्या नकला करत बसायचे. हंटला तिथे पैसे मिळाले, जेवण मिळालं, आणि उत्तम जलरंग हातात धरून पाहायला मिळाले. बुशीजवळच कॅशिओबरी इथे अर्ल ऑफ एसेक्सचा वाडा होता, तिथलीही कामं मिळाली.

६. पण घरटीच का?

विकली जायची म्हणून. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण आधी तेच सांगायला हवं.

कारखानदारी वाढत होती, शहरात राहायला आलेल्या मध्यमवर्गाकडे पैसा आला होता, आणि मागे राहिलेल्या खेड्याची ओढही होती. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भलंमोठं तैलचित्र मावायचं नाही. वहीच्या पानाएवढं, काचेआड बसणारं जलरंगाचं चित्र मावायचं. प्रिमरोजची पिवळी फुलं, सफरचंदाचा किंवा हॉथॉर्नचा मोहोर, आणि मधे निळी अंडी असलेलं घरटं: इंग्लंडचा एप्रिल-मे महिना भिंतीवर टांगायला मिळत होता.

चित्रकार म्हणूनही घरट्यात भरपूर ऐवज आहे. गवताच्या काड्या, शेवाळ, केस, पिसं असे पाच-सात पोत एकात एक विणलेले, आणि मधोमध अगदी गुळगुळीत अंडं. सगळ्यात खडबडीत आणि सगळ्यात नितळ पृष्ठभाग एकमेकांना चिकटून. हंटला पृष्ठभागांचंच वेड होतं, त्यामुळे हा विषय त्याला सापडला नसता तरच नवल.

७. घरटी खरी असायची का? कुठल्या पक्ष्यांची?

खरी. रानात घरटी शोधत फिरणं हा तेव्हा इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या पोरांचा नेहमीचा उद्योग होता आणि अंडी जमवणं हा मोठ्यांचा छंद. हंट घरटं, शेवाळाचा गड्डा, आयव्हीची पानं असं सगळं समोर मांडून, अगदी जमिनीच्या पातळीवर नजर नेऊन रंगवायचा. म्हणून त्याच्या चित्रात वर आभाळ जवळजवळ नसतंच. मागे फक्त बांधाची माती आणि शेवाळाचा हिरवा-तपकिरी पडदा.

पक्षी ओळखायचे तर अंड्यांकडे पाहा. एकही ठिपका नसलेली गर्द निळी अंडी म्हणजे डनॉक, ज्याला इंग्रज 'हेज स्पॅरो' म्हणत. निळ्यावर काळे ठिपके आणि आतून मातीने लिंपलेली वाटी म्हणजे साँग थ्रश. बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेलं नेटकं घरटं चॅफिंचचं. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात चॅफिंचचं घरटं आणि हॉथॉर्नचा मोहोर असं त्याचं एक चित्र आहे. त्यात हे दगडफूल स्पष्ट दिसतं.

८. वर्गात मांडणीसाठी मीही खरं घरटं आणू का?

नको. हंटच्या काळात कुणी अडवत नव्हतं. आता खुद्द इंग्लंडमध्येच १९५४ च्या कायद्यापासून रानपक्ष्यांची अंडी उचलायला बंदी आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या व्याख्येतच अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं.

पावसाळ्यानंतर सुगरणीची खाली पडलेली, रिकामी घरटी बाभळीखाली दिसतात. ती जिथे आहेत तिथेच बसून काढा, वही घेऊन जा. वर्गात मांडायचं असेल तर नारळाची शेंडी, कणसाचे केस, लसणाच्या पाकळ्या आणि सोललेलं उकडलेलं अंडं घ्या. पोतांचा सराव तोच होतो.

९. हे जलरंग वाटतच नाहीत. त्याने नेमकं काय केलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर देताना सगळ्यात मजा येणारा.

शाळेत आपण जो जलरंग शिकतो त्यात पांढरा म्हणजे कागद. उजेड हवा असेल तिथे कागद राखून ठेवायचा आणि पातळ रंगाचे हात एकावर एक द्यायचे. हंट उमेदवारीत हेच शिकला. पण १८३० नंतर हळूहळू तो उलट वाटेने गेला. त्याच्या कामाच्या पद्धतीची जी वर्णनं उरली आहेत त्यांवरून कृती अशी दिसते: समजा आलुबुखारांचा घोस काढायचा आहे. आधी हलक्या रेघेने आकार घ्यायचा. मग त्या आकारांपुरता डिंक मिसळलेला पांढरा रंग जाड थराने भरायचा. तो वाळून चिनीमातीसारखा टणक, गुळगुळीत होऊ द्यायचा. आणि मग त्यावर शुद्ध, न मिसळलेले रंग बारीक ब्रशने, एकेका ठाम स्पर्शाने ठेवायचे.

गंमत कुठे आहे ते पाहा. पांढरा रंगात मिसळला की रंग खडूसारखा मळकट होतो. पोस्टर कलर वापरणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. हंट पांढरा रंगाखाली घालतो. वरचा रंग पातळच असतो, उजेड त्याच्यातून आत जातो, पांढऱ्यावर आपटून परत येतो आणि रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. कागदावरही हेच घडतं, पण कागद रंग शोषतो, त्याचा पांढरा तितका शुभ्र नसतो आणि त्याला तंतू असतात. हंटने चित्रातल्या हव्या त्या जागी, हव्या त्या आकाराचा, कागदाहून पांढरा कागद तयार करून घेतला.

दुसरी गोष्ट, ठिपके आणि बारीक आडव्यातिडव्या रेघा. शेवाळाचा हिरवा हा त्याच्याकडे एक हिरवा नसतो. जवळून पाहिलं तर पिवळा, निळा, तपकिरी आणि कुठे कुठे चक्क गुलाबी ठिपका शेजारी शेजारी बसलेला असतो. हातभर अंतरावरून डोळाच त्यांचं मिश्रण करतो. तिसरी गोष्ट, चाकूचं टोक. देठावरची लव, काडीची चमकती कड अशा जागी तो वाळलेला रंग खरवडून काढायचा.

द्राक्षाच्या सालीवर जी पांढुरकी झाक असते, बोट लागलं की पुसली जाणारी, ती हंटची खास जागा. त्या झाकेत तो निळसर राखाडी रेघांचं जाळं इतकं विरळ ठेवतो की खालचा जांभळा मधूनमधून डोकावत राहतो, आणि एखाद्याच द्राक्षावर, जणू हाताळताना पुसली गेली असावी तशी, साल लख्ख चमकते.

१०. पांढऱ्या रंगाचं एवढं काय? पांढरा आधी नव्हता का?

होता, पण भरवशाचा नव्हता. शिशापासून केलेला पांढरा तैलरंगात टिकतो. जलरंगात त्याच्यावर तेलाचं कवच नसतं. कोळशाच्या धुरातल्या गंधकाशी संयोग झाला की त्याचं काळं शिसं-सल्फाइड होतं. लंडनच्या हवेत कोळशाच्या धुराला काय तोटा? जुन्या चित्रांत चेहऱ्यावरचे उजेडाचे ठिपके काळे पडलेले दिसतात ते याच कारणाने.

१८३४ मध्ये विन्सर अँड न्यूटन या लंडनच्या रंगवाल्यांनी जस्ताच्या ऑक्साइडचा दाट पांढरा 'चायनीज व्हाइट' या नावाने बाजारात आणला. तो काळा पडत नाही. हंटची पद्धत त्यानंतरच्या काळात पक्की झाली हा योगायोग नव्हे. चित्रकलेच्या इतिहासात आपण शैलींबद्दल पुष्कळ बोलतो आणि दुकानात कोणती नवी ट्यूब आली हे मात्र विसरतो.

११. पोस्टर कलर वापरून हंटसारखं जमेल का?

अर्धवट जमेल. अडचण अशी की पोस्टरचा पांढरा थर वाळला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो. वरून ब्रश दोनदा फिरवलात की पांढरा उचलला जातो आणि रंग दुधाळ होतो. हंटचा पांढराही डिंकातलाच होता, म्हणजे ही भीती त्यालाही होती. म्हणून तर तो रंग घोळत बसत नाही, एक स्पर्श ठेवतो आणि हात उचलतो.

करून पाहायचं तर: जाड, गुळगुळीत हँडमेड कागद, पांढरा थर रात्रभर वाळवा, वरचा ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा, एका जागी एकदाच. अॅक्रिलिकचा पांढरा खाली घेतला तर तो विरघळणार नाही हे खरं, पण त्या प्लास्टिकसारख्या थरावर जलरंग नीट धरत नाही, थेंब गोळा होतात. पहिला प्रयोग अख्ख्या मांडणीवर नको, एका लिंबावर करा.

१२. आमचे सर म्हणतात जलरंगात पांढरा वापरणं म्हणजे लबाडी. मग हंट लबाड का?

सरांशी भांडू नका. महाराष्ट्रात पारदर्शक जलरंगाची भक्कम परंपरा आहे. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरला जाऊन पाहिलेल्या माणसाला कागदाच्या पांढऱ्यातून उजेड काढणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. सर त्या शिस्तीतून बोलत आहेत.

इंग्लंडमध्येही हा वाद होताच. अपारदर्शक रंग आले की जलरंगाचा ताजेपणा जातो, असं म्हणणारे हंटच्या हयातीत होते. दुसऱ्या बाजूला जॉन फ्रेडरिक लुइससारखा, पुढे सोसायटीचा अध्यक्ष झालेला माणूस पांढरा सढळ हाताने वापरत होता. माझं मत विचाराल तर हंटवर लबाडीचा आरोप टिकत नाही, कारण तो चूक झाकायला पांढरा वापरत नाही. सुरुवातच पांढऱ्याने करतो (प्रश्न ९). परीक्षेत मात्र सर सांगतील तसंच करा.

१३. रस्किनचं नाव हंटबरोबर सारखं का येतं?

जॉन रस्किन (१८१९–१९००) हा त्या काळातला सगळ्यात वजनदार कलासमीक्षक, आणि हंटचा उघड चाहता. नुसता लिहून थांबला नाही. स्वतः चित्रं काढायचा आणि त्यासाठी हंटकडे धडेही घेतले. १८५७ च्या आपल्या चित्रकला शिकवणाऱ्या पुस्तकात त्याने विद्यार्थ्यांना रंग कसे शेजारी शेजारी ठेवावेत यासाठी हंटची चित्रं सतत अभ्यासायला सांगितलं. हंट गेल्यानंतर पंधरा वर्षांनी, १८७९–८० च्या हिवाळ्यात, लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत सॅम्युअल प्राउट आणि हंट या दोघांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा त्यावरच्या टिपाही रस्किनच्याच.

पण रस्किन आंधळा भक्त नव्हता. हंटच्या विनोदी ढंगाच्या माणसांच्या चित्रांपेक्षा (पुढचा प्रश्न पाहा) साध्या अभ्यासचित्रांना त्याने कायम वरचं स्थान दिलं. त्याच्याशी वाद घालायला मला एरवी आवडतं, इथे मात्र जागा सापडत नाही.

१४. त्याने माणसं काढलीच नाहीत का?

भरपूर काढली, आणि आज त्यांचीच किंमत पुन्हा ओळखली जाते आहे. १८२० नंतरच्या दशकात त्याने माळी, शिकारीचं रान राखणारे, शेतमजूर, स्वयंपाकघरातल्या बायका रंगवल्या. कोर्टोल्डमधलं 'द हेड गार्डनर' हे चित्र पाहा: म्हातारा माळी त्याच्या पिकाबरोबर उभा, कुठे कीव नाही, कुठे थट्टा नाही. कोर्टोल्डने २०१७ मध्ये फक्त या खेड्यातल्या माणसांच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन भरवलं होतं.

त्यानंतरची पोरांची चित्रं वेगळी. 'द अटॅक' मध्ये मुलगा भल्यामोठ्या 'पाय'वर (आत सारण भरून भाजलेल्या पदार्थावर) तुटून पडतो, 'द डिफीट' मध्ये खाऊन खाऊन आडवा होतो. लोकांना फार आवडली. मला एकदा हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही.

१५. हयातीत नाव झालं की नंतर?

हयातीतच. तो ओल्ड वॉटरकलर सोसायटीत १८२४ मध्ये सहसदस्य आणि १८२६ मध्ये पूर्ण सदस्य झाला, आणि मरेपर्यंत दरवर्षी तिथे चित्रं लावत राहिला. ती शेकड्यांत भरतात. ही सोसायटी १८०४ मध्ये निघाली तीच मुळी रॉयल अकॅडमीत मोठ्या तैलचित्रांच्या गर्दीत जलरंग हरवून जातात म्हणून. १८५५ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच लोकांनी इंग्रज जलरंग डोळे भरून पाहिले, त्यांत हंटही होता.

घरचं आयुष्य शांत. १८३० मध्ये सेरा हॉलोवे या आपल्या नात्यातल्या मुलीशी लग्न, एक मुलगी. हिवाळा हेस्टिंग्जला, बाकी लंडन. दफन हायगेटच्या स्मशानात.

१६. मग तो विस्मरणात का गेला?

नकलांनी बुडवला. मागणी इतकी की जॉन शेरिनसारखे शिष्य, ऑलिव्हर क्लेअरसारखे पुढच्या पिढीतले चित्रकार आणि अनेक हौशी हात तेच घरटं, तोच शेवाळाचा बांध, तीच तीन फुलं काढत राहिले. रंगीत शिळाछापाच्या प्रतीही निघाल्या. विसाव्या शतकात व्हिक्टोरियन म्हटलं की नाक मुरडायची पद्धत पडली तेव्हा मूळ आणि नक्कल एकाच टोपलीत गेले.

त्या काळातले इतर स्थिरचित्रकार विचारणाऱ्यांसाठी: तैलरंगात जॉर्ज लान्स (तोही १८६४ मध्येच गेला), आणि नॉरिचची एलोईज हॅरिएट स्टॅनर्ड, जिच्या फळांच्या टोपल्या फार सुंदर आहेत आणि जिच्याबद्दल कुणीच पत्र पाठवत नाही.

१७. आमच्याकडे 'डब्ल्यू. हंट' अशी सही असलेलं चित्र आहे. खरं असेल का?

सहीवर जाऊ नका. खोटी सही घालणं सगळ्यात सोपं, आणि हंटची छोटी सही तर फारच.

आधी साधं भिंग घ्या. सगळीकडे सारख्या आकाराचे, एका पातळीवरचे ठिपके दिसले आणि रंगाला कुठेच उंची नसेल तर ती शिळाछाप प्रत आहे. हाताने काढलेलं असेल तर चित्र तिरक्या उजेडात धरा. हंटच्या उत्तरकाळातल्या चित्रात फळं-अंड्यांच्या जागी पांढऱ्याचा थर किंचित वर आलेला दिसतो आणि खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उठलेले. नक्कल करणारे बहुधा पांढरा शेवटी, वरून, चमक म्हणून लावतात. हा फरक बराच बोलका आहे, तरी शेवटचा पुरावा नव्हे. चांगल्या शिष्यालाही पद्धत ठाऊक असते. चित्र फ्रेममधून स्वतः काढू नका. कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. फोटो पाठवून माझ्याकडून खरं-खोटं वदवून घेणाऱ्यांना आताच सांगतो, फोटोवरून मी ते करत नाही.

१८. लंडनला गेलो, संग्रहालयात एकही हंट भिंतीवर नव्हता. असं कसं?

जलरंग उजेडाने फिके पडतात, तांबडे आणि पिवळे तर लवकर. म्हणून संग्रहालयं ते सुमारे ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात, तेही थोडे महिनेच लावतात आणि मग वर्षानुवर्षं पेटीत ठेवतात. हंटची चित्रं टेट, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, ब्रिटिश म्युझियम, कोर्टोल्ड, केंब्रिजचं फिट्झविल्यम आणि अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट इथे आहेत. टेटमधलं 'प्रिमरोजेस अँड बर्ड्स नेस्ट' हे सगळ्यांना माहीत असलेलं. जायच्या आधी संग्रहालयाला लिहून वेळ मागा. अशा कागदी चित्रांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी अभ्यासिका असते आणि तिथे चित्र थेट टेबलावर आणून देतात.

ते जमणार नसेल तर येल आणि टेटच्या संकेतस्थळांवर चित्रं पाहता येतात. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर.

१९. चित्रावर साल नसेल तर ते कुठल्या काळातलं हे कसं ठरवतात?

हंट साल क्वचितच घालायचा, त्यामुळे हा प्रश्न अभ्यासकांनाही छळतो. ढोबळ खूण प्रश्न ३ मध्ये आली आहे: बोरूची रेघ आणि पातळ हात म्हणजे आधीचं, ठिपके आणि जाड पांढरा म्हणजे नंतरचं. पण ही खूण मधल्या, म्हणजे १८२५ ते १८३५ च्या चित्रांना लागू पडत नाही. त्या वर्षांत एकाच कागदावर माणसाच्या कोटाला जुना सैल हात आणि त्याच्या टोपलीतल्या भाजीला नवे ठिपके असं दोन्ही सापडतं. विषयावरूनही फसगत होते, कारण फळं त्याने घरट्यांच्या बऱ्याच आधी सुरू केली होती.

अशा वेळी सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाच्या छापील याद्या कामी येतात. तिथेही नावं 'प्लम्स', 'ग्रेप्स', 'फ्रूट' अशी. एकाच नावाची कितीतरी चित्रं. म्हणून लिलावाच्या पुस्तकात एखाद्या हंटखाली नेमकं साल छापलेलं दिसलं तर ते कशावरून ठरवलं हे विक्रेत्याला जरूर विचारा. नीट उत्तर आलं नाही तर साल बाजूला ठेवून चित्राकडे बघा.